सोमवारी गाडी उभी असते

येडशी
६ नोव्हेंबर २०२४

ती. अण्णांस,
शिवकांताचा शरणार्थी नमस्कार.

फोन केला असता, पण फोनवर मी ओरडत राहते आणि तुम्ही नुसतं "हां, हां" म्हणत राहता, हे वैनींनीच मला सांगितलं. पिठाच्या गिरणीच्या इंजिनानं तुमचे कान खाल्ले. म्हणून लिहिते.

काम गाडीचं आहे. हे गेल्यापासून ह्यांची मोटारसायकल पडवीत तशीच उभी आहे. परवा मल्लेशभावजी जेवताना म्हणाले, "वैनी, गाडीच्या सीटवर कोंबडी अंडी घालायला लागलीय. आता ती गाडी हाय का खुराडं?" मी म्हटलं, "अंडी तुम्हीच खाता की." सगळे हसले, पण विषय काही मिटला नाही. ढोकीच्या कारखान्यावरचा कुणी एक माणूस गाडी मागतोय म्हणे. मामंजींनी शेवटी निकाल दिला, "संक्रांतीपर्यंत गाडी रस्त्यावर धावती झाली तर शिवकांतानं ठेवावी. न्हाय झाली तर मल्लेशनं काय ते करावं. उभं राहून लोखंड कुजतं."

त्यांचं चूक नाही. पण मला ती गाडी पाहिजे. माझी अंगणवाडी वस्तीवर आहे, तुम्हाला माहीतच आहे. भावजींना सवड असली की त्यांच्या मागं बसून जायचं, नसली की फाट्यावर जीपची वाट बघत उभं राहायचं. मुलं माझ्या आधी येऊन बसलेली असतात. गाडी मला येते. सोयाबीन निघाल्यावर रिकाम्या रानात ह्यांनीच शिकवली होती.

बॅटरी नवी बसवून घेतली, टाकीतलं शिळं पेट्रोलही काढलं. आता ऑइल बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर घालू नका, असं बॅटरीवाला म्हणतो. कोणतं ऑइल घ्यायचं आणि कसं बदलायचं, ते मला नीट लिहून कळवा. मला माझ्या हातानं करायचंय. ह्यांनी कधी बाहेरच्याला त्या गाडीखाली बसू दिलं नाही.

वैनींना नमस्कार.

शिवकांता


अणदूर
सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

चि. शिवकांता हिस आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. उत्तर आज लिहितोय, कारण आज सोमवार, गिरणी बंद. आपल्या आप्पांच्या काळी सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नव्हते, नंदीचा वार म्हणून. बैल गेले, गिरणी आली, तरी आप्पा सोमवारी पट्टा काढून खुंटीला टांगायचे. गौरीशंकर दाजींनी तर तेच गाडीला लावलं. सोमवारी गाडी उभी. धुवायची, पुसायची, ऑइल बघायचं आणि ठेवून द्यायची. मला ते फार आवडायचं. ज्याच्याकडून काम घ्यायचं त्याला एक दिवस आपण हात जोडावेत, एवढंच ते आहे.

आता ऑइलचं. मल्लेशराव म्हणतील की घरात ट्रॅक्टरचं ऑइल आहे, तेच ओत. ते ओतू नको. कुणी मोटारीचं उरलेलं महागडं ऑइल देईल, तेही नको. मोटारीचा क्लच कोरडा असतो. मोटारसायकलीचं इंजिन, गिअर आणि क्लच तिघंही एकाच तेलात नांदतात. इंजिनाला निसरडं हवं असतं आणि क्लचला थोडी पकड हवी असते. दोघांचं भागेल असंच ऑइल लागतं. डब्यावर 'फोर-टी' लिहिलेलं बघ. तुझ्या गाडीच्या पुस्तिकेत १० डब्ल्यू ३० दिलंय, तेच घे. दुकानदार जाड घ्या म्हणेल, पातळ घ्या म्हणेल. आपण पुस्तिकेचं ऐकावं.

बदलताना गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी कर. दोन-तीन मिनिटं चालू ठेव, म्हणजे आतलं ऑइल कोमट होऊन सगळं उतरेल. फार तापवू नको, हात भाजेल. आधी वरचं ऑइल भरायचं बूच मोकळं कर. ते सुटतंय हे बघितल्याशिवाय खालच्याला हात लावू नये. मग खाली घमेलं ठेव आणि इंजिनाच्या पोटाचा बोल्ट सोड. सतरा नंबरचा पाना लागेल. ऑइल थेंबाथेंबावर येईपर्यंत घाई करू नको. बोल्टला चकतीसारखा एक वायसर असतो, तो ऑइलबरोबर घमेल्यात पडतो आणि माणसं तो फेकून देतात. मग गाडी रोज थेंब टाकत बसते. वायसर शोधून, पुसून लाव. बोल्ट आधी बोटांनी फिरव, पान्यानं शेवटी आणि बेतानं. लिटरच्या डब्यातलं सगळं ओतायचं नाही, घोटभर उरलं पाहिजे.

जुनं ऑइल मातीत किंवा विहिरीकडं ओतू नको. डब्यात धरून ठेव.

मी येऊनही करून दिलं असतं. पण तुला तुझ्या हातानं करायचंय, ते बरोबर आहे.

विरुपाक्ष


येडशी
२० नोव्हेंबर २०२४

ती. अण्णांस,
शरणार्थी.

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. मामंजींनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, "इंजिन, गिअर अन् क्लच एका तेलात? आपल्या घरापेक्षा बरं नांदतात की." आमच्या सासूबाई अव्वांनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते उठून गोठ्यातच गेले.

भावजी तुम्ही म्हणालात तसंच म्हणाले. "ट्रॅक्टरचं हाय की कॅनभर. वैनी, तेल ते तेल." मी म्हटलं, "मग उद्या भाजीला तेच घालते."

सोमवारी बसले होते. गाडी स्टँडवर घेतली. चालू झाली, अण्णा. पहिल्यांदा धूर टाकला, मग चांगली चालली. आवाज ऐकून अव्वा बाहेर आल्या, उभ्या राहिल्या आणि आत गेल्या. वरचं बूच सुटलं. पण खालचा बोल्ट सुटत नाही. काय करू?

ऑइलचा डबा अजून घेतला नाही. बोल्ट सुटल्यावर घेईन.

शिवकांता


अणदूर
सोमवार, २५ नोव्हेंबर २०२४

चि. शिवकांता हिस आशीर्वाद.

गाडी चालू झाली हे वाचून बरं वाटलं. बोल्ट दाजींच्या हातचा आहे, घट्ट असणारच. घाबरू नको.

पहिली गोष्ट, तू कोणत्या बाजूला फिरवतेस ते बघ. खाली वाकून वर बघताना डावं-उजवं उलटं होतं. सुटतोय समजून माणूस आवळत बसतो. मी स्वतः असं केलंय आणि वर बोल्टालाच शिव्या दिल्यात. दुसरं, बोल्टाभोवतीचा चिखल तारेच्या ब्रशनं काढ, थोडं डिझेल लाव आणि मुरू दे. तिसरं, पाना रिंगचा घे. उघड्या तोंडाच्या पान्यानं बोल्टाचे कोपरे झिजतात. पान्यात पाईप घालून जोर लावू नको. इंजिनाचं पोट अॅल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडाचा. आटे गेले तर दुखणं वाढेल.

आज पहाटे पूजेला बसलो तर मनात तुझा बोल्टच. इष्टलिंग तळहातावर आणि डोक्यात सतरा नंबरचा पाना. महादेवाला काय वाटलं असेल! तुझ्या वैनीला सांगितलं तर ती म्हणाली, त्यालाही मग तेच सांगा, सोडवून देईल.

पुढच्या सोमवारी मी येऊ का? गिरणी बंदच असते. सकाळच्या एसटीनं येऊन संध्याकाळी परत.

विरुपाक्ष


येडशी
३ डिसेंबर २०२४

ती. अण्णांस,
शरणार्थी.

तुम्ही येऊ नका. एवढ्याशा कामाला कशाला एसटीचे धक्के. डिझेल लावलं. बाजूही बघितली. अजून सुटला नाही. सुटेल. थंडी फार पडलीय, तुम्ही कानटोपी घालत जा.

शिवकांता


अणदूर
सोमवार, ९ डिसेंबर २०२४

चि. शिवकांता हिस आशीर्वाद.

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. रागावलीस का? मी येतो म्हणालो यात तुझ्या हाताला कमी लेखायचं नव्हतं. पण दिवस जातायत. येळवसेची अमावस्या झाली की संक्रांत आलीच. तुझ्या सासऱ्यांनी, शरणबसप्पा मामांनी, शब्द दिलाय, तो तुझ्यासाठीही आहे आणि मल्लेशरावांसाठीही. बोल्ट अडला म्हणून गाडी जायला नको.

म्हणून मी एक गोष्ट तुला न विचारता केली आहे. येडशीच्या स्टेशनकडच्या वीरेश मिस्त्रीला तुझ्या वैनीकडून फोन करवला. आपल्यातलाच पोरगा आहे, दाजी त्याला ओळखत होते. तो येऊन फक्त बोल्ट सैल करून देईल. ऑइल काढणं, भरणं तूच कर. तो गाडीखाली बसला तर दाजी रागावणार नाहीत, असं मला वाटतं.

विरुपाक्ष


येडशी
१७ डिसेंबर २०२४

ती. अण्णांस,
शरणार्थी.

वीरेश येऊन गेला.

पडवीत मामंजी खाटेवर, भावजी दारात, अव्वा तांदूळ निवडत, असा सगळा दरबार होता. वीरेश गुडघ्यावर बसला, बॅटरी मारून बोल्ट बघितला. मग त्यानं हळूच माझ्याकडं बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "वैनी, ह्याला पानाच लागला नाही. धूळसुद्धा जागची हलली नाही."

मी पाना पदराखाली घेतला.

त्यानं ते बघितलं. मग उठून हात झटकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "लई घट्ट हाय ओ. आज न्हाय व्हायचं. वैनींनाच जमंल दमादमानं." भावजी म्हणाले, "अरे, तू मिस्त्री हायस का पाव्हणा?" तो हसला, चहा प्याला आणि गेला.

अण्णा, बोल्ट घट्ट नाही. घट्ट आहे का सैल, ते मला माहीतच नाही. मी त्याला पाना लावलाच नाही. डिझेल लावलं नाही. दर सोमवारी पाना घेऊन बसते आणि उठते. तुमच्याशी खोटं बोलले.

शिवरात्रीच्या आधीच्या सोमवारी ह्यांनी ते ऑइल घातलं. नरसाळं मी धरलं होतं. माझा हात हलला तर म्हणाले, "नीट धर की, अभिषेक चाललाय." त्यानंतर गाडी एकदाच बाहेर गेली, शिवरात्रीला रामलिंगाला, मी मागं बसून. मग पुढच्या आठवड्यात रानात छातीत दुखलं, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

ह्यांचे कपडे वाटून टाकले. खाटेवर मामंजी झोपतात. मोबाईल बंद पडला. ह्यांच्या हातानं ठेवलेलं आणि नंतर कुणी हलवलं नाही असं घरात एवढंच उरलंय. बाहेरून दिसत नाही, पण आहे. रोज जाता-येता मी गाडीच्या इंजिनाला हात लावते आणि मला माहीत असतं की ते आत आहे.

गाडी गेली तरी ते जाईल, हेही मला कळतं. तेवढी खुळी नाही. पण दुसऱ्यानं नेणं वेगळं आणि मी माझ्या हातानं बोल्ट सोडून ते घमेल्यात काढणं वेगळं. मला गाडी पाहिजे आणि आतलं ऑइलही पाहिजे. तुम्हीच सांगा.

शिवकांता


अणदूर
सोमवार, २३ डिसेंबर २०२४

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

चि. शिवकांता हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी गिरणीत गर्दी होती. खिशात ठेवलं आणि रात्री जेवणाआधी वाचलं. मी इतके दिवस बोल्टाला औषध सांगत बसलो होतो! खोटं बोललीस असं मी धरत नाही. बोल्ट सुटत नाही, असंच तू लिहिलं होतंस, आणि ते खरंच होतं.

मी तुला बोल्ट सोड असं सांगणार नाही. सोडू नको असंही नाही. मला जे माहीत आहे तेवढं लिहितो.

ऑइल आत उभं राहिलं तरी ते तसंच राहत नाही. हवेतलं पाणी धरतं, आंबट होतं, आणि ज्या लोखंडाला जपायचं त्यालाच खायला लागतं. दाजींनी ते घातलं तेव्हा ते मधासारखं होतं. आज ऑइल मोजायची काडी बाहेर काढून बघ. तू जे जपतेस ते दाजींनी ठेवलं होतं तसं आता राहिलेलं नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण गिरणीवाल्या माणसानं तेलाबद्दल खोटं सांगू नये.

मी रोज पहाटे लिंगाला स्नान घालतो. कालचं भस्म धुऊन जातं. ते भस्म आपल्या गुरूंनी दिलेलं असतं, श्रद्धेनं लावलेलं असतं, तरी धुऊन जातं आणि मी नवं लावतो. धुताना कधी वाटलं नाही की कालची पूजा गेली. पूजा त्या भस्मात असती तर आप्पांच्या वेळचा भस्माचा एकच पट्टा आजवर जपून ठेवला असता. यापुढं मला बोलता येत नाही. तू माझ्यापेक्षा जास्त सोसलंयस.

आता एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या गिरणीत आप्पांचा नियम होता. पुढचा डबा घरात आल्याशिवाय चालू डब्याचं सील तोडायचं नाही. ऐन वेळी दुकान बंद असलं तर इंजिन कोरडं पडू नये म्हणून. दाजी लग्नानंतर पहिल्यांदा इथं आले तेव्हा हे ऐकून फार हसले होते. म्हणाले, "तुमच्याकडं लोणच्याचं आणि तेलाचं सारखंच दिसतंय." पण मागं एकदा मी तुमच्याकडं आलो तेव्हा बघितलं, तेही पुढचा डबा आणून ठेवायला लागले होते. मी मनात हसलो.

म्हणून म्हणतो, नवं ऑइल विकत घेऊ नको. आधी घरात शोध.

विरुपाक्ष


येडशी
३१ डिसेंबर २०२४

ती. अण्णांस,
शरणार्थी.

डबा मिळाला.

माळ्यावर फवारणीच्या पंपामागं, ह्यांच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळून ठेवला होता. फोर-टी, १० डब्ल्यू ३०. सील तसंच. मी माळ्यावरच बसून राहिले. खालून अव्वा हाका मारत होत्या, "अगं, पाल चावली का काय तुला?"

अण्णा, आत जे होतं ते काढायचं, हे ह्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. मी उगाच त्यांच्या मनाविरुद्ध राखण करत होते.

काल येळवस. सोमवारीच आली. सगळी ट्रॅक्टरनं रानात गेली, मी आंबिलाची कळशी मांडीवर धरून. रानातल्या कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी-आंबील झाली. भावजी तिसऱ्यांदा वाढून घेत होते तेव्हा मी अव्वांना म्हटलं, वासराला पाणी पाजायचं राहिलं, मी पुढं होते. अव्वा म्हणाल्या, "वासराला व्हय? जा. दिवस हाय तवर जा. घाई करू नको." त्यांना कळलं असावं.

घरात कुणी नव्हतं. गाडी चालू केली, बंद केली. वरचं बूच काढलं. बोल्टाला पाना लावला आणि सगळा जोर देऊन ओढला, तर तो इतक्या सहज सुटला की मी मागं कोंबड्यांच्या पाटीतच बसले. ह्यांनी बेतानंच आवळला होता.

ऑइल आलं. काळं झालं होतं, पण धारेवर ऊन पडलं तेव्हा कडेनं जरा तांबूस दिसलं. मी बघत राहिले. धार बारीक झाली, मग थेंब आले. थेंब थांबेपर्यंत उठले नाही. रडले, पण थोडंच. वायसर घमेल्यात पडला होता, तो शोधला. तुम्ही लिहिलं नसतं तर गेला असता.

नवं ओतताना नरसाळं धरायला कुणी नव्हतं. एका हातानं नरसाळं, एका हातानं डबा. हात हलला नाही. घोटभर उरलं.

जुन्या ऑइलचं हे जे करायचे तेच केलं. पडवीच्या दाराची चौकट खालून वाळवीनं धरलीय, तिला ब्रशनं दोनदा पाजलं. उरलेलं डब्यात आहे.

संध्याकाळी सगळी आली तेव्हा गाडी चालू करून दाखवली. भावजी म्हणाले, "घ्या! आता कोंबड्यांनी अंडी कुठं घालायची?" मामंजींनी इंजिनाजवळ कान नेला, हात लावला आणि म्हणाले, "आज सोमवार. उद्या काढ." म्हणून आज काढली. अंगणवाडीत मुलांच्या आधी पोचले. तुम्हाला हे सगळं तिथूनच लिहिते आहे.

संक्रांत झाली की तुमच्याकडं येईन. एकटी, गाडीवर.

शिवकांता


अणदूर
मंगळवार, २१ जानेवारी २०२५

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

चि. शिवकांता हिस आशीर्वाद.

आज सोमवार नाही तरी लिहितोय. गिरणी अजून सुरू केलेली नाही. बाहेर दोन बायका दळण घेऊन बसल्या आहेत आणि माझ्या नावानं काय म्हणतायत ते सुदैवानं मला ऐकू येत नाही.

तू रविवारी आलीस, काल सोमवार म्हणून गाडी दिवसभर उभी राहिली आणि आज सकाळी गेलीस. एवढ्या वेळात मी तुला एक गोष्ट विचारली नाही. जिभेवर चार वेळा आली होती. बोल्ट किती आवळलास, वायसर नीट बसला का, हे विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. पण मग ती माझी तपासणी झाली असती.

अजून उघडली नसशील तर गाडीच्या बाजूची डिकी उघड. तुझ्या वैनीच्या शेंगदाण्याच्या चटणीखाली पुढचा डबा आहे.

तुझी गाडी मी मुद्दाम गिरणीत उभी करायला लावली होती. तुला वाटलं असेल, थंडीमुळं. तसं नाही. गिरणीच्या फरशीवर कायम पिठाचा पांढरा थर असतो. त्यावर मुंगी चालली तरी दिसते. तू फाट्याकडं वळलीस, आणि मी आत येऊन गुडघ्यावर बसलो, चष्मा पुसला आणि बघितलं. पिठात टायरच्या खुणा होत्या, मधल्या स्टँडच्या दोन खुणा होत्या, आणि तुझ्या चपलांच्या. इंजिनाच्या खालची जागा पांढरीशुभ्र होती.

एक थेंब नाही. आता गिरणी सुरू करतो.

विरुपाक्ष